कुंपणच शेत खातें तेव्हां

राखणदारानेंच चोरी केली तर ती उघडकीस यावयास फार वेळ लागतो. कारण संशय साऱ्या गांवावर जातो, राखणदारावर मात्र जात नाहीं. 'कुंपणच शेत खातें' या आपल्या म्हणींत हाच अनुभव सांठविलेला आहे. नागपुराहून छिंदवाड्याकडे जातांना सावनेर लागतें. तेथील संत्र्यांच्या बागा आणि कापसाचीं शेतें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांस या म्हणीचा अर्थ निराळा सांगावयास नको. परंतु हीच गोष्ट मनुष्याच्या रक्तांतहि घडूं शकते. शरीराच्या रक्षणासाठीं निर्माण झालेलीं द्रव्यें शरीरावरच उलटतात, आणि अपराधाचा आळ मात्र भलतीकडेच येतो. कधीं ग्रहांवर, कधीं पूर्वजांच्या अतृप्तीवर, आणि बहुतेक वेळां घरच्या सुनेवर. तो आळ दूर व्हावा, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द लिहिले आहेत.

समजा, सावनेरांतील एका सुशिक्षित घरीं अठ्ठावीस वर्षांची सून आहे. दोन वेळां तिचा गर्भ तिसरा महिना पुरा होण्यापूर्वींच गळून गेला. तिसऱ्या खेपेस पांचवा महिना लागला, डोहाळजेवणाच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि एके दिवशीं गर्भाची हालचाल थांबली. त्यानंतर पंधरा दिवसांनीं तिची डावी पोटरी सुजून दुखूं लागली. बसून बसून पाय आंखडला असेल, या समजुतीनें घरांत तेल चोळण्यांत आलें. दोन दिवसांनीं पहांटे तिला एकाएकीं श्वास लागला, छातींत कळ आली, आणि तिला तांतडीनें नागपुरास न्यावें लागलें. पोटरींतील रक्ताच्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसांत अडकला होता. सुदैवानें प्राण वाचले. परंतु तोंपर्यंत घरांत काय काय होऊन गेलें होतें! सासूबाईंनीं त्र्यंबकेश्वरास नारायणनागबळी करण्याचें ठरविलें होतें. शेजारणी पायगुणाविषयीं कुजबुजत होत्या. आणि याहूनहि वाईट म्हणजे, गर्भारपणीं नेहमीं होणाऱ्या रक्ततपासणींत उपदंशाची चांचणी होकारार्थी आल्यामुळें पतिपत्नींच्या मनांत एकमेकांविषयीं विष कालवलें गेलें होतें.

ही कोणा एका घरची हकीकत नव्हे. निरनिराळ्या रुग्णांच्या बाबतींत जें घडतें, तें समजुतीसाठीं येथें एका ठिकाणीं गुंफलें आहे. गर्भपात, सुजलेला पाय, लागलेला श्वास आणि चांचणीचा तो लज्जास्पद निकाल, या चार गोष्टींचीं घरच्या मंडळींनीं चार कारणें शोधलीं. वस्तुतः चोहोंचें कारण एकच होतें. त्या विकारास डॉक्टर लोक अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम असें म्हणतात. नांव जिभेस जड आहे खरें. पण त्याचा अर्थ समजून घेतल्यास तें तितकेंसें परकें वाटणार नाहीं.

रोगजंतु शरीरांत शिरले म्हणजे त्यांस ओळखून जखडून टाकणारीं कांहीं द्रव्यें रक्तांत तयार होतात. त्यांस प्रतिपिंडें असें नांव आहे. गोवर, धनुर्वात यांच्या लसी टोंचतात त्या हीं प्रतिपिंडें आगाऊ तयार व्हावीं म्हणूनच. परकें कोणतें आणि आपलें कोणतें, हा विवेक या यंत्रणेच्या ठायीं असतो. तो विवेक ढळला कीं प्रतिपिंडें स्वतःच्याच शरीराच्या घटकांवर चाल करून जातात. प्रस्तुत विकारांत त्यांचा रोख फॉस्फोलिपिड नामक स्निग्ध द्रव्यांवर, किंबहुना त्या द्रव्यांस चिकटून राहणाऱ्या रक्तांतील एका प्रथिनावर असतो. शरीरांतील प्रत्येक पेशीचें आवरण याच स्निग्ध द्रव्यांचें बनलेलें आहे. प्रतिपिंडें तेथें जाऊन बसलीं म्हणजे रक्तवाहिनीचें आंतील गुळगुळीत अस्तर चाळवलें जातें, रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या बिंबिका एकमेकींस चिकटूं लागतात, आणि जखम नसतांनाहि वाहत्या रक्तांत गुठळी धरते. ती पायाच्या शिरेंत धरली तर पाय सुजतो. फुप्फुसांत गेली तर श्वास कोंडतो. मेंदूच्या रोहिणींत धरली तर ऐन तारुण्यांत अर्धांगवायूचा झटका येतो. गर्भवतीच्या बाबतींत हींच प्रतिपिंडें वारेवर घाला घालतात. वार नीट रुजत नाहीं, तिच्यांत दाह उत्पन्न होतो, आणि गर्भाचें पोषण तुटतें.

आतां उपदंशाच्या चांचणीचा उलगडा करूं. कारण या विकाराचा इतिहासच तेथून सुरू होतो. १९०६ सालीं जर्मनींत वासरमान व त्याचे सहकारी यांनीं उपदंश ओळखण्यासाठीं रक्ताची एक परीक्षा शोधून काढली. पुढें असें दिसून आलें कीं, या परीक्षेंत रुग्णाचें रक्त ज्या द्रव्याशीं झगडतें, तें द्रव्य उपदंशाच्या जंतूंचें नसून प्राण्यांच्या हृदयांतील एक स्निग्ध पदार्थ आहे. १९४१ सालीं अमेरिकेंतील मेरी पँगबॉर्न या विदुषीनें तो पदार्थ शुद्ध रूपांत वेगळा केला आणि हृदयावरूनच त्याचें कार्डिओलिपिन असें नांव ठेविलें. आजहि गर्भवतींची जी व्ही. डी. आर. एल. चांचणी होते, तींत हेंच द्रव्य वापरलें जातें. अर्थात् ज्या स्त्रीच्या रक्तांत उपदंशाचा लवलेशहि नाहीं, परंतु या स्निग्ध द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडें मात्र आहेत, तिची चांचणी खोटी होकारार्थी येऊं शकते. उपदंशाच्या जंतूंसाठींच असलेली टी. पी. एच. ए. ही दुसरी चांचणी केल्यास खरें काय तें कळतें. ती नकारार्थी आली, तर संशय पतीच्या किंवा पत्नीच्या शीलावर घ्यावयाचा नसून रक्तांतील या कुंपणावर घ्यावयाचा, हें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावें. एका अपुऱ्या चांचणीवरून संसार विस्कटूं देणें यासारखें दुर्दैव नाहीं.

या विकाराची दुसरी एक गंमत अशी कीं, त्यानें शास्त्रज्ञांसहि बरींच वर्षें चकविलें. १९५२ सालीं अमेरिकेंतील कॉन्ले आणि हार्टमन या डॉक्टरांस ल्युपस नांवाच्या व्याधीनें पीडित अशा दोन रुग्णांच्या रक्तांत एक चमत्कारिक गुण आढळला: कांचेच्या नळींत तें रक्त गोठण्यास नेहमींपेक्षां फार वेळ लागे. नळींत गोठण्यास विलंब, म्हणजे शरीरांत रक्तस्रावाचें भय, असा अंदाज कोणीहि बांधील. म्हणून त्या गुणास पुढें 'ल्युपसचा गोठणविरोधी घटक' असें नांव पडलें. पण अनुभव नेमका उलट येऊं लागला. ज्यांचें रक्त नळींत गोठत नाहीं, त्यांच्याच शरीरांत गुठळ्या होतात! याचें कारण असें कीं, नळींत जें स्निग्ध द्रव्य गोठण्याच्या क्रियेस आधार देतें, तें प्रतिपिंडें अडवून धरतात; शरीरांत मात्र तींच रक्तवाहिनीच्या अस्तरास आणि बिंबिकांस चेतवितात. १९८३ सालीं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांतील डॉ. ग्रॅहॅम ह्यूज आणि त्यांचे सहकारी यांनीं गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात, मेंदूचे विकार आणि हीं प्रतिपिंडें यांचा एकत्र संबंध स्पष्ट केला व कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडें मोजण्याची सूक्ष्म रीतिहि बसविली. म्हणून या विकारास ह्यूज सिंड्रोम असेंहि म्हणतात.

योगायोग असा कीं, ज्या १९५२ सालीं अमेरिकेंत तें कोडें पडलें, त्याच सालीं प्रतिपिंडांचें दुसरें एक कोडें मुंबईंत सुटलें. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा रक्तगट जगापुढें मांडला कीं, त्या गटाच्या माणसाच्या रक्तांतील प्रतिपिंडें ए, बी, ओ या कोणत्याहि गटाच्या रक्ताशीं झगडतात. तोच आज जगभर 'बाँबे' रक्तगट म्हणून ओळखला जातो. पुढें १९५७ सालीं मुंबईंत रक्तगटांचें संदर्भ केंद्र स्थापन झालें. त्याचेंच आजचें रूप म्हणजे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था होय. रक्त गोठण्याचे विकार आणि वारंवार होणारे गर्भपात यांवर तेथें संशोधन झालें असून, विदर्भांतील सिकलसेलसारख्या रक्तविकारांसाठीं या संस्थेचें एक केंद्र चंद्रपुरासहि आहे. सिकलसेलचा उल्लेख एवढ्यासाठीं केला कीं, आपल्या विदर्भांत रक्ताचा विकार म्हटला कीं प्रथम तोच आठवतो. तो आईबापांकडून येणारा, जन्मजात विकार आहे. प्रस्तुत विकार तसा नव्हे. तो जन्मानंतर, बहुधा तरुण वयांत उद्भवतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. तेव्हां 'तुमच्या घराण्यांतूनच हें आलें' असें म्हणून सुनेच्या माहेरास बोल लावण्यांत कांहींच अर्थ नाहीं.

मग शंका केव्हां घ्यावी? पन्नाशीच्या आंत, उघड कारण नसतांना, पायाच्या शिरेंत किंवा फुप्फुसांत गुठळी झाली. तरुण वयांत अर्धांगवायूचा झटका आला. लागोपाठ तीन गर्भ दहा आठवड्यांच्या आंत गेले, किंवा दहा आठवड्यांनंतर वरवर निर्दोष दिसणारा एक जरी गर्भ दगावला. रक्तदाब फार वाढून चौतीस आठवड्यांपूर्वींच प्रसूति करावी लागली. तर डॉक्टरांस या प्रतिपिंडांविषयीं अवश्य विचारावें. रक्तांतील बिंबिका कमी असणें, किंवा हातापायांच्या त्वचेवर जाळीसारखी निळसर नक्षी उमटणें, हींहि कधीं कधीं सूचक चिन्हें असतात.

परीक्षा तीन आहेत: पहिली ल्युपसच्या गोठणविरोधी घटकाची, दुसरी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडांची, आणि तिसरी बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची. एकदां होकारार्थी आल्यानें निदान पक्कें होत नाहीं. किमान बारा आठवड्यांनीं तीच परीक्षा पुन्हां करावी लागते. कारण एखाद्या साथीच्या तापानंतरहि हीं प्रतिपिंडें कांहीं काळ दिसतात आणि मग नाहींशीं होतात. २०२० सालच्या कोविडच्या साथींतहि असा अनुभव आला. निरोगी माणसांतहि शंभरांत एक ते पांच जणांच्या रक्तांत तीं आढळतात. म्हणून नुसता कागद पाहून घाबरूं नये, आणि पुन्हां परीक्षा करण्याचा कंटाळाहि करूं नये. दुसरी एक व्यावहारिक गोष्ट: पहिल्या परीक्षेसाठीं रक्त काढल्यावर त्यांतील पेशी लवकर व काळजीपूर्वक वेगळ्या कराव्या लागतात. सावनेरास काढलेली रक्ताची नळी वैशाखाच्या उन्हांत तासन् तास प्रवास करून नागपुरास पोंचली, तर निकालाचा भरंवसा धरतां येत नाहीं. त्यापेक्षां जेथें ती परीक्षा होते तेथेंच रुग्णास नेऊन रक्त द्यावें. रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें चालू असल्यास तेंहि आधीं सांगावें. त्या औषधांनीं निकाल फसवा येतो.

प्रतिपिंडें असलीं म्हणजे गुठळी होईलच असें नाहीं. दारू ठासलेली असली तरी ठिणगी पडावी लागते. शस्त्रक्रिया, दीर्घकाळ अंथरुणास खिळणें, तंबाखूचें धूम्रपान, गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेन, गर्भारपण आणि बाळंतपणाचे पहिले सहा आठवडे, या अशा ठिणग्या होत. आपल्याकडे कांहीं घरीं बाळंतिणीस पाणी बेतानें द्यावें, तिनें खाटेवरून उठूं नये, अशी रीत आहे. मायेनें घातलेला हा निर्बंध असला, तरी शरीरांतील पाणी घटणें आणि निश्चल पडून राहणें या दोन्ही गोष्टी गुठळीस पोषकच ठरतात. नागपूरकडील उन्हाळा तर सर्वश्रुत आहे. बाळंतिणीस पुरेसें पाणी मिळावें, तिनें लवकर हिंडूं फिरूं लागावें. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी हे लाड मग खुशाल करावेत. पण एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर ती मुळींच चोळूं नये. तडक डॉक्टरांस दाखवावी. आणि बाळंतिणीचें डोकें असह्य दुखत असेल, किंवा तिला झटके आले, तर 'बाहेरची बाधा' म्हणून अंगारा लावीत न बसतां रुग्णालय गांठावें. मेंदूच्या शिरेंत गुठळी झाली असण्याचा संभव असतो.

उपचारांकडे वळूं. ज्यास एकदां गुठळी झाली आणि प्रतिपिंडेंहि दुसऱ्या परीक्षेंत कायम दिसलीं, त्यास रक्त गोठण्याची क्रिया मंदावणारें औषध बहुधा जन्मभर घ्यावें लागतें. यांत जुनें व विश्वासाचें औषध म्हणजे वारफरिन. त्याची कथा आपल्या कास्तकारांस ऐकण्याजोगी आहे. १९२० च्या सुमारास कॅनडा व उत्तर अमेरिकेंत बुरसलेला गोड चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. १९३३ च्या हिवाळ्यांत एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या डब्यांत न गोठणारें रक्त घेऊन बर्फाच्या वादळांतून विस्कॉन्सिनच्या विद्यापीठांत पोंचला. तेथें कार्ल लिंक या रसायनज्ञानें त्या चाऱ्यांतील दोषी द्रव्याचा छडा लावला. त्याच्याच वर्गांतील वारफरिन १९४८ सालीं उंदीर मारण्याचें औषध म्हणून बाजारांत आलें, आणि १९५४ सालापासून मनुष्याचे प्राण वांचवूं लागलें. जें मात्रा चुकली तर विष, तेंच मापांत दिलें तर अमृत! म्हणूनच या औषधावर असतांना रक्ताची आय. एन. आर. नांवाची तपासणी नियमानें करून घ्यावी लागते. तो आंकडा सामान्यतः दोन ते तीन यांच्या दरम्यान असावा लागतो. नव्या गोळ्यांस ही तपासणी लागत नाहीं, म्हणून त्यांचा मोह पडतो. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या इटलींतील एका प्रयोगांत, तिन्ही परीक्षा होकारार्थी असलेल्या रुग्णांत रिव्हारॉक्सॅबान या नव्या औषधानें वारफरिनपेक्षां अधिक गुठळ्या होतांना आढळल्या, आणि प्रयोग मध्येंच थांबवावा लागला. अशा रुग्णांनीं शेजाऱ्याच्या गोळ्या पाहून आपल्या बदलूं नयेत.

या औषधाचा स्वयंपाकघराशीं निकट संबंध आहे. पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी यांत 'के' जीवनसत्त्व असतें, आणि तें वारफरिनच्या उलट काम करतें. याचा अर्थ पालेभाजी वर्ज्य करावी असा नव्हे. तिचें प्रमाण आठवड्यागणिक सारखें असावें, एवढाच आहे. थंडींत भाजी स्वस्त झाली म्हणून रोज मेथी, आणि उन्हाळ्यांत महिनाभर तिचें नांव नाहीं, असें करूं नये. चातुर्मासाचे नेम किंवा लांबलेले उपास करावयाचे असल्यास आधीं डॉक्टरांस कळवावें. अंगदुखीच्या गोळ्या आणि काढे आपल्या मनानें घेऊं नयेत. आपल्या संत्र्याची मात्र भीति नको. त्यांत 'के' जीवनसत्त्व नाममात्रच असतें.

मातृत्वाची इच्छा असणाऱ्या भगिनींनीं विशेष लक्ष द्यावें. वारफरिन गर्भास अपायकारक आहे. म्हणून गर्भधारणेचा विचार ठरतांच डॉक्टरांचा सल्ला घेऊन तें बदलून घ्यावें लागतें. त्याऐवजीं अल्प मात्रेंत अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनचें इंजेक्शन देतात. हेपॅरिन वारेंतून गर्भाकडे जात नाहीं, आणि पोटाच्या त्वचेखालीं तें स्वतःचें स्वतः टोंचून घेण्यास स्त्रिया सहज शिकतात. १९९७ सालीं लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा ९० स्त्रियांपैकीं निम्म्यांस नुसतें अ‍ॅस्पिरिन आणि निम्म्यांस दोन्ही औषधें दिलीं. पहिल्या ४५ जणींपैकीं १९ जणींच्या मांडीवर मूल आलें. दुसऱ्या ४५ पैकीं ३२ जणींच्या. ज्या घरांत तीन तीन वेळां पाळणा रिकामा राहिला, त्या घरास या आंकड्यांचें मोल समजावून सांगावयास नको. एक गोष्ट मोकळेपणें सांगितली पाहिजे. हेपॅरिन हें डुकराच्या आंतड्यांपासून काढलेलें असतें. शाकाहारी कुटुंबांतून कधीं कधीं हें कळल्यावर मन कचरतें. तथापि प्राणरक्षणार्थ आपद्धर्म आपल्या शास्त्रकारांनींच सांगून ठेविला आहे. ज्यांस तरीहि संकोच वाटेल त्यांनीं गुपचूप औषध सोडूं नये; डॉक्टरांस स्पष्ट विचारावें, दुसरी वाट असल्यास ते सांगतील.

शेवटीं घरच्या वडील माणसांस एक विनंति. या विकारांत दोष कोणाचाच नसतो. ना सुनेचा, ना मुलाचा, ना व्याह्यांचा. देवदर्शनास, नवसास कोणाची आडकाठी नाहीं. तेणेंकरून मनास धीर येत असेल तर तें अवश्य करावें. परंतु त्र्यंबकेश्वराच्या गाडीचें तिकीट काढण्यापूर्वीं एकदां नागपुरास जाऊन त्या तीन परीक्षा कराव्यात, आणि बारा आठवड्यांनीं पुन्हां जावें. सून औषध घेत असेल, तर तिच्या तपासणीची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर एकादशीइतक्याच ठळकपणें लिहून ठेवावी, आणि त्या दिवशीं तिच्याबरोबर घरांतील कोणी तरी जावें. कुंपण शेत खात असेल, तर शेताला शिव्या देऊन काय उपयोग? कुंपण तपासावें, तें आंवरावें, आणि पुन्हां पेरणी करावी. पीक येण्याचा संभव खराच आहे.